गोळा दोन जागी, मग घड्याळ कुठलं?

मंगळवार, रात्री उशिरा

आज टी.वाय.च्या वर्गात श्रोडिंगरचं समीकरण घेतलं. क्वांटम सिद्धांताचं हे मूळ समीकरण, अवस्था काळानुसार कशी बदलते ते सांगणारं. त्यात डाव्या बाजूला 'टी', म्हणजे काळ, बसलेला असतो आणि त्याच्याबद्दल कुणीच काही विचारत नाही. स्थानाला ऑपरेटर (मोजता येणाऱ्या राशीचं गणिती रूप) आहे, संवेगाला आहे, ऊर्जेला आहे. काळाला नाही. तो बाहेर असतो, भिंतीवरच्या घड्याळासारखा. आत काहीही घडो, त्याची टिकटिक आपली चालू.

आइनस्टाइनच्या सापेक्षतेत हे घड्याळ भिंतीवर राहूच शकत नाही. वस्तुमान असेल तिथे अवकाश-काळ वाकतो, म्हणजे काळ किती वेगाने सरतो हेही जवळ काय ठेवलंय त्यावर ठरतं. 2010 मध्ये अमेरिकेच्या निस्ट प्रयोगशाळेत दोन अणुघड्याळांच्या उंचीत जेमतेम 33 सेंटिमीटरचा फरक ठेवला, तर वरचं घड्याळ जलद चाललं. ऐंशीएक वर्षांत सुमारे 90 नॅनोसेकंद, इतकाच फरक. पण तो मोजता आला.

क्वांटम आणि सापेक्षता या दोन सिद्धांतांचं का जमत नाही, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे 'गणितात अनंत येतात'. ते खरं आहे, पण मला ते अपुरं वाटतं. कमी ऊर्जेला गुरुत्वाकर्षणाच्या क्वांटम दुरुस्त्या काढता येतात, त्यात काही कोसळत नाही. खरी अडचण त्याहून आधीची आहे, आणि ती 1957 साली अमेरिकेतल्या चॅपल हिलच्या परिषदेत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी मांडलेल्या प्रश्नात स्वच्छ दिसते. एका कणाचा स्पिन (कणाचा अंगचा, फिरकीसारखा गुणधर्म) वर असेल तर गोळा वर सरकेल आणि खाली असेल तर खाली, अशी जोडणी करा. गोळा इतका जड घ्या, की त्याचं गुरुत्वाकर्षण जाणवावं. आता कण 'वर' आणि 'खाली' यांच्या सुपरपोझिशनमध्ये, म्हणजे एकाच वेळी दोन्ही अवस्थांत ठेवला, तर गोळ्याचं गुरुत्वीय क्षेत्र कुठे असेल?

मी यात मनाने एक घड्याळ ठेवून पाहते. गोळा जवळ असेल तर ते मंद चालेल, लांब असेल तर किंचित जलद. गोळा दोन्ही जागी, तर घड्याळाच्याही दोन चाली. आणि आपण म्हणतो, 'एकाच क्षणी' गोळा दोन्हीकडे आहे. कुठला क्षण? सुपरपोझिशन लिहिताना दोन अवस्थांची बेरीज एकाच 'टी'ला करायची असते. इथे तर प्रत्येक अवस्था आपापला अवकाश-काळ घेऊन आली आहे, आणि एकातला कुठला बिंदू म्हणजे दुसऱ्यातला कुठला, हे सांगायची सोय सापेक्षता ठेवतच नाही. भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. त्यांच्या मते अशी सुपरपोझिशन आपसूक मोडते, आणि वस्तुमान जितकं मोठं तितकी लवकर.

व्हीलर आणि डीविट यांनी 1967 च्या सुमारास दुसरी वाट धरली, म्हणजे सगळं विश्वच क्वांटम मानायचं. त्या समीकरणात 'टी' उरतच नाही. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला अक्षरशः पोरकं वाटलं होतं. काहीच बदलत नसेल, तर मग घडतं म्हणजे काय?

यावर आपल्या शिरपूरमध्ये जन्मलेल्या अभय अष्टेकरांचं काम मला सगळ्यात पटतं. 1986 मध्ये त्यांनी आइनस्टाइनची समीकरणं नव्या चलांत (बदलत्या राशींत) मांडली आणि त्यातून लूप क्वांटम ग्रॅव्हिटी, म्हणजे अवकाश-काळालाच क्वांटम मानणारा सिद्धांत, उभी राहिली. तीच पद्धत विश्वाच्या आरंभाला लावताना बाहेरचा काळ घेतलेला नाही. आतल्याच एका क्षेत्राची किंमत घड्याळ म्हणून वापरली. 'हे क्षेत्र इतकं असताना विश्वाचं आकारमान किती?' एवढंच विचारायचं. अशा हिशेबात महास्फोटाच्या जागी उसळी दिसते, म्हणजे आकसत आलेलं विश्व पुन्हा पसरू लागतं. हा प्रश्न पूर्ण सुटला असं नाही (दुसरं क्षेत्र घड्याळ म्हणून घेतलं तर भौतिकी तीच राहील का, ही शंका उरतेच), पण प्रश्न असा विचारणं मला प्रामाणिक वाटतं.

आता हे सगळं प्रयोगाच्या टेबलावर यायला लागलंय, याचा मला फार आनंद आहे. 2017 मध्ये सौगतो बोस आणि सहकाऱ्यांनी, तसंच मार्लेटो आणि वेड्रल यांनी स्वतंत्रपणे सुचवलं: दोन सूक्ष्म वस्तू सुपरपोझिशनमध्ये शेजारी ठेवा आणि केवळ गुरुत्वाकर्षणामुळे त्यांच्यात एंटँगलमेंट (दोघींच्या अवस्था इतक्या गुंतणं, की त्यांचं वेगवेगळं वर्णनच करता येत नाही) होते का ते पाहा. अजून ते कुणाला जमलेलं नाही. व्हिएन्नात 2019 मध्ये 25,000 अणुवस्तुमान एककांहून जड रेणूंचं व्यतिकरण (लाटा एकमेकींत मिसळल्यासारखी नक्षी, म्हणजे सुपरपोझिशनची खूण) दिसलं. तिथेच 2021 मध्ये 90 मिलिग्रॅमच्या सोन्याच्या गोळीचं गुरुत्वाकर्षण मोजलं. या दोन वस्तुमानांत अठरा शून्यांचं अंतर आहे. बोस यांच्या प्रयोगाला लागणाऱ्या सूक्ष्म वस्तू, म्हणजे हिऱ्याचे कण, यांच्या अधेमधे कुठेतरी बसतात.

एंटँगलमेंट दिसली, तर गुरुत्वाकर्षण निव्वळ अभिजात, म्हणजे क्वांटम नसलेलं, आहे असं म्हणणं फार अवघड होईल. आणि सगळी काळजी घेऊनही नाही दिसली, तर पेनरोज यांच्या बाजूचं वजन वाढेल आणि मला श्रोडिंगरचं समीकरण वर्गात वेगळ्या रीतीने शिकवावं लागेल. गुरुवारच्या तासाला फाइनमनचा गोळा फळ्यावर काढणार आहे. अभ्यासक्रमात नाही, तरीही.