१६२ सामन्यांचा संसार

अमेरिकेत मेजर लीग बेसबॉलचा हंगाम मार्चच्या अखेरीस सुरू होतो आणि सप्टेंबर सरेपर्यंत चालतो. या सहा महिन्यांत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. अधूनमधून मिळणारे सुटीचे दिवस सोडले तर जवळजवळ रोज एक. शिकागोला नव्याने आलेल्या ओळखीच्यांना हा आकडा सांगितला की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "एवढे सामने बघतं कोण?" सगळे सामने पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत कोणीच बघत नाही, निदान ज्याच्या घरी दोन मुले आहेत असा माणूस तरी नाही, आणि शिकागो कब्स या संघावरचे माझे प्रेम संसाराच्या रगाड्यात तग धरून राहिले आहे ते मुख्यतः त्यामुळेच.

अमेरिकन फुटबॉलचे वेड परवडायला रिकामा रविवार लागतो. तिथे प्रत्येक संघ साऱ्या हंगामात अवघे १७ सामने खेळतो, साधारण आठवड्याला एक, आणि त्यामुळे प्रत्येक सामना जीवनमरणाचा होऊन बसतो; तो चुकला तर पुढचा आठवडाभर चुटपुट. बापाचा रविवार कपड्यांच्या घड्या आणि कोणाच्या तरी वाढदिवसाला मुलांना सोडणे-आणणे यांत जातो हे त्या खेळाच्या गावीही नसते. बेसबॉलला आपल्या अडचणी समजतात. आज हरलात तर उद्या पुन्हा खेळायचेच असते, आणि अव्वल ठरलेला संघही वर्षाकाठी साठेक वेळा हरलेला असतो, त्यामुळे हरल्याच्या दुःखाला घरात फार काळ तळ ठोकता येत नाही.

आमच्याकडे सामना बहुधा ऐकला जातो. संध्याकाळचा सामना सातच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे नेमक्या जेवणाच्या वेळी, आणि पुढची भांडी, दुसऱ्या दिवशीचे डबे, धाकट्याची अंघोळ हे सारे रेडिओच्या साथीने पार पडते. १९९६ पासून कब्सचे सामने रेडिओवर सांगणारे पॅट ह्यूज हे गृहस्थ खेळाडूंच्या टोपीचा आणि गणवेशाचा रंगसुद्धा असा तब्येतीत सांगतात की डोळे भांड्यांवर ठेवूनही मैदान दिसत राहते. आपल्या घरात पाच माणसे राहतात, त्यांतले एक ह्यूज असून ते भांड्यांना हात लावत नाहीत, असे माझी पत्नी पाहुण्यांना सांगते. तिला खेळात रस नाही; मात्र आवाज चढला की "कोण धावलं?" एवढे ती विचारते, आणि उत्तर लांबले की ऐकणे सोडून देते.

या खेळातल्या रिकाम्या जागांवर संसाराची निम्मी कामे उरकतात. चेंडू टाकणारा पिचर तो हातात घोळवतो, बॅटरमागे बसलेल्या कॅचरची खूण नाकारतो, टोपी सारखी करतो, पहिल्या बेसवरच्या धावपटूकडे संशयाने बघतो. तेवढ्यात एक पातेले घासून होते. २०२३ पासून मेजर लीगने या रेंगाळण्याला घड्याळ लावले. बेसवर कोणी नसेल तर पिचरने १५ सेकंदांत चेंडू टाकण्यास सुरुवात करायची, नाही तर बॅटरच्या खात्यात एक बॉल, म्हणजे चुकीचा ठरवलेला चेंडू, फुकट जमा. आधीच्या वर्षापर्यंत तीन तासांहून लांबणारा सामना त्यामुळे सरासरी २ तास ४० मिनिटांवर आला. जुन्या रसिकांनी पुष्कळ नाके मुरडली. मला विचाराल तर बाप मंडळींसाठी या खेळात इतका हिताचा बदल अलीकडे दुसरा झालेला नाही, कारण झोपेची वेळ थोडी ताणली तर मुलांना आता नववी, म्हणजे एरवी शेवटची, इनिंग ऐकायला मिळते. पातेल्याचे तेवढे जरा घाईत उरकावे लागते.

अमेरिकेत हे वेड बहुतेकांना बापाकडून मिळते. रिग्ली फील्ड हे कब्सचे मैदान १९१४ साली बांधलेले आहे आणि तिथे दिवे आले ते थेट १९८८ साली, त्यामुळे या शहरातल्या कित्येक पिढ्यांनी आपल्या संघाचे घरचे सामने फक्त उन्हात पाहिले. शाळेतून धावत घरी यायचे आणि शेवटच्या दोन-तीन इनिंग गाठायच्या, ही आठवण साठीच्या पुढचा कोणीही शिकागोकर न विचारता सांगतो, आणि त्या आठवणीत कुठे तरी त्याचे वडील असतातच. माझे वडील क्रिकेटचे. बेसबॉलचा एकही सामना न बघता ते गेले. त्यामुळे २०१६ साली कब्सने १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकली तेव्हा त्या आनंदात मी थोडासा उपरा होतो.

तो निर्णायक सातवा सामना क्लीव्हलंडला होता. नऊ इनिंगनंतर ६-६ अशी बरोबरी झाली आणि पाऊस आला. खेळ १७ मिनिटे थांबला, आणि नेमक्या त्याच १७ मिनिटांत आमची मुलगी, जी तेव्हा तान्ही होती, भोकाड पसरून उठली. तिला खांद्यावर घेऊन मी येरझाऱ्या घातल्या, पावसाबरोबर तीही थांबली, आणि दहाव्या इनिंगमध्ये कब्सने ८-७ असा सामना जिंकला. मुलगी आता ही हकीकत आपल्यामुळेच संघ जिंकला अशा थाटात सांगते, आणि तिला खोडून काढण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही.

त्यानंतर काही दिवस लोक रिग्ली फील्डच्या विटांच्या भिंतीवर खडूने नावे लिहीत होते. त्यांत खेळाडूंची नावे होती तशीच, हा दिवस पाहायला न राहिलेल्या बापांची, आज्यांची आणि आजोबांचीही होती. हात पोहोचेल तिथवर भिंत भरली तेव्हा माणसे एकमेकांच्या खांद्यावर चढून लिहू लागली. मीही तिथे गेलो. माझ्याजवळ लिहिण्यासारखे नाव नव्हते, कारण कब्स हा शब्दही कधी न उच्चारलेल्या माणसाला त्या भिंतीवर नेऊन बसवणे मला आगाऊपणाचे वाटले. एका म्हाताऱ्या बाईंचा हात वर पोहोचत नव्हता. त्यांच्या नवऱ्याचे नाव मी लिहून दिले. माझ्या मुलांना पुढे असे वाटेल की हे वेड आपल्या घराण्यात पूर्वापार चालत आले आहे, आणि मी तो गैरसमज मुद्दाम दूर करणार नाही.

उपरेपणाच्या या बाबतीत मला धीर देणारा एक पूर्वज मात्र सापडला आहे. हेन्री चॅडविक इंग्लंडमध्ये १८२४ साली जन्मले, लहानपणी अमेरिकेत आले आणि वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या लिहू लागले. पुढे बेसबॉल पाहून ते त्याच्या असे काही प्रेमात पडले की त्या खेळाची हिशेबवही लिहिण्याची रीत बसवण्यात त्यांचाच हात मोठा ठरला. त्या रितीत प्रत्येक क्षेत्ररक्षकाला एक क्रमांक असतो: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, आणि असे करत उजव्या कोपऱ्यातला ९. ओळखीची खूण कळली की ६-४-३ एवढ्या तीन आकड्यांवरून दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या शॉर्टस्टॉपने चेंडू उचलला, दुसऱ्या बेसकडे टाकला, तिथून तो पहिल्याकडे गेला आणि दोन गडी बाद झाले, हे सारे चित्र उभे राहते. बॅटर तीन स्ट्राइकवर, म्हणजे टोलवण्याजोगे तीन चेंडू वाया घालवून, बाद झाला की चौकटीत इंग्रजी के लिहायचा, ही खूणही चॅडविक यांचीच. तिसऱ्या स्ट्राइकला त्याने बॅट न हलवता नुसता चेंडू पाहिला असेल, तर आताच्या प्रथेप्रमाणे के उलटा काढतात. आमचा धाकटा अक्षरे उलटी लिहिण्याच्या वयात आहे, त्यामुळे त्याच्या कागदावरचे सगळेच बॅटर बॅट खांद्यावर ठेवून स्वस्थ उभे राहिलेले असतात. ताई त्यावरून त्याच्याशी भांडते. तो म्हणतो, "पण तो आउट झाला ना?"

ताई स्वतः लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संस्थेत पिचर आहे. १९३९ साली सुरू झालेल्या या संस्थेने मुलींना १९७४ पर्यंत आत घेतले नव्हते, हे मी तिला सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, "मग तोवर पिचिंग कोण करायचं?" तिच्या सामन्यांना मला प्रेक्षक म्हणून बसता येत नाही. हातात मावेल असे एक मोजयंत्र घेऊन तिने टाकलेला प्रत्येक चेंडू मोजण्याचे काम मी अंगावर घेतले आहे, कारण वाढत्या वयातल्या कोपराची हाडे अजून कोवळी असतात आणि लिटल लीगने २००७ पासून चेंडूंवर मर्यादा घातली आहे. दहा वर्षांच्या मुलांना दिवसाला ७५ चेंडू. २० च्या पुढे ३५ पर्यंत टाकले तर एक दिवस विश्रांती, ५० पर्यंत दोन, ६५ पर्यंत तीन आणि त्यापुढे चार. शनिवारी सामना असेल तर गुरुवारी तिला ३५ वर थांबवायचे, हा हिशेब आमच्या घरात दाताच्या डॉक्टरांच्या वेळेपेक्षा काटेकोरपणे पाळला जातो.

परवा गुरुवारीच ती ३४ वर होती आणि नवा बॅटर उभा राहिला. मी प्रशिक्षकांना खूण केली. ती चेंडू हातात धरून थेट माझ्यापर्यंत चालत आली आणि म्हणाली, "बाबा, मर्यादा बॅटर समोर असताना आली तर तो संपेपर्यंत टाकता येतात, आणि विश्रांती एकच दिवस धरतात. नियम वाच." नियम खरोखर तसाच आहे. प्रशिक्षकांनी मान डोलावली, तिने त्या बॅटरला आणखी पाच चेंडू टाकले आणि शेवटच्या चेंडूवर तो बॅट न हलवता बाद झाला. कठड्याला टेकून धाकटा ते पाहत होता. त्याने कागदावर के काढला, आणि या खेपेस तो उलटा काढला हे बरोबरच होते.