लेझर कटरचं प्रशिक्षण शीटपाशी अडतं

आमच्या मेकरस्पेसमध्ये, म्हणजे सभासदांनी मिळून वापरायच्या वर्कशॉपमध्ये, ६० वॅटचा नवा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझर कटर आला आणि सभासदांना तो शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मशीन शिकवणं सोपं आहे. कापायच्या आणि कोरायच्या रेषांना वेगळे रंग द्यायचे, गेजने फोकस लावायचा, फ्रेम फिरवून (डिझाइनच्या कडेने हेड फिरवून) जागा बघायची, झाकण बंद करायचं आणि स्टार्ट. एका दुपारीत हात बसतो. घोडं अडलं ते फॉर्मवरच्या ‘मटेरियल’ या एका रकान्यापाशी, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

त्या रकान्यात लोक ‘प्लास्टिक’ लिहितात, नाहीतर ‘शीट’. त्यांचा तरी काय दोष? दुकानदाराच्या बिलावरही तेवढंच असतं. फोन करून विचारलं तर ‘ॲक्रिलिकच आहे, बिनधास्त कापा’ असं उत्तर. लेखी मागितलं की वाट बघत बसायचं. तोवर सभासद शीट काखेत धरून उभा आणि मशीन रिकामं.

हे महत्त्वाचं का, ते नीट सांगतो. सनबोर्ड म्हणून मिळणारं बरंचसं पीव्हीसी फोम असतं, आणि पीव्हीसी म्हणजे क्लोरीन असलेलं प्लास्टिक. आर्किटेक्चरचे विद्यार्थी मॉडेलसाठी तेच आणतात, गणपतीच्या आधी मखरवालेही तेच आणतात. रेक्झिन आणि व्हिनाइल स्टिकर हेही बहुतेक पीव्हीसीच. लेझर लागला की त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो हवेतल्या दमटपणाशी मिळून आम्ल होतो. मुंबईच्या हवेत दमटपणाला तोटा नाही. आधी रेल आणि बेअरिंग गंजतात, मग लेन्स आणि आरसे खराब होतात. माणसाच्या फुप्फुसाचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. एक्झॉस्ट चालू आहे म्हणून चालेल, असं अजिबात नाही.

म्हणून मी तांब्याच्या तारेची चाचणी प्रशिक्षणातच घेतली. जाड तार पक्कडीत धरून गॅस टॉर्चच्या निळ्या ज्योतीत लाल करायची, ज्योतीचा रंग साफ होईपर्यंत. मग ती गरम तार शीटच्या कोपऱ्याला टेकवून परत ज्योतीत धरायची. हिरवी झाक दिसली म्हणजे क्लोरीन आहे, शीट बाद, चर्चा नाही. संरक्षक फिल्म आधी सोलायची, नाहीतर चाचणी फिल्मची होते, शीटची नाही. हे सगळं एक्झॉस्टखाली, आजूबाजूला कागद किंवा थिनर न ठेवता.

पॉलीकार्बोनेट या चाचणीत पकडलं जात नाही, कारण त्यात क्लोरीन नसतं. त्यासाठी पट्टी वाकवून बघा (चष्मा लावून): ॲक्रिलिक कट्कन तुटतं, पॉलीकार्बोनेट वाकतं. लेझरखाली ते पिवळं-काळं पडतं आणि पेटतं. एबीएस वितळतं आणि विषारी धूर सोडतं, तेही नको. थर्माकोल तर क्षणात पेट घेतो. मखरासाठी राज्यात त्यावर २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा तो हट्ट मुळातच सोडलेला बरा.

आता रकाना बदलला आहे. त्यात दुकानाचं बिल, व्हर्नियरने मोजलेली जाडी आणि चाचणीचा निकाल लागतो. तीनपैकी एक जरी कोरं असेल तर मशीनची किल्ली मिळत नाही. कुरकुर होते. होऊ दे.

एक राहिलंच, लेझरची ट्यूब गार ठेवणाऱ्या चिलरचं. सीडब्ल्यू-३००० सारखा चिलर फक्त पाणी फिरवून उष्णता बाहेर टाकतो, खोलीपेक्षा गार करत नाही. मे महिन्यात त्याच्या भरवशावर राहू नका, कॉम्प्रेसरवाला घ्या. पावसाळ्यात मात्र उलट काळजी. खोली २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर साधारण २५ अंशांखाली दव धरतं. चिलर १८ वर ठेवला तर ट्यूबवर पाणी साचतं आणि हाय व्होल्टेजच्या टोकाशी ठिणगी उडते. आम्ही २६ वर ठेवतो. पावसात एमडीएफही (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) फुगून वाकतं, मग फोकस मधेच सुटतो आणि कडा काळ्या होतात. चारी कोपरे चुंबकाने दाबा.

एअर असिस्ट (कापताना हवेचा झोत सोडणारा पंप) बंद ठेवून कापू नका, ज्योत वर चढते. विझवायला कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर ठेवा, पावडरचं नको, ती लेन्स आणि रेलमध्ये घुसते. काम चालू असताना जागा सोडायची नाही, चहासाठीसुद्धा नाही. ३ मिमी ॲक्रिलिकला सुरुवात ६० टक्के पॉवर आणि सेकंदाला १५ मिमी वेगाने करा, आधी टाकाऊ तुकड्यावर गोल कापून बघा. कापताना साधारण ०.२ मिमी मटेरियल जळून जातं, खाचा त्या हिशोबाने काढा.

शेवटची परीक्षा मी कापण्याची घेत नाही. टेबलावर खुणा न केलेले तुकडे ठेवतो: ॲक्रिलिक, पीव्हीसी, पॉलीकार्बोनेट, रेक्झिन. जो चुकीचे तुकडे स्वतः बाजूला काढतो आणि का ते सांगतो, त्याच्याच फॉर्मवर सही होते.