जेंटूवरचा जीसीसी १२ जाता जात नव्हता

जेंटू हे लिनक्स वापरायचं म्हणजे बहुतेक सगळं सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, कम्पाइल करायचं, त्याबद्दल तक्रार नाही. पण नको असलेला जीसीसी १२, म्हणजे कम्पायलरची जुनी आवृत्ती, काढून टाकला, तरी पुढच्या वर्ल्ड अपडेटला (सगळ्या सिस्टिमच्या अपडेटला) तो पुन्हा यादीत हजर! आणि जीसीसी म्हणजे लहानसहान पॅकेज नव्हे. तो स्वतःला तीन टप्प्यांत बांधतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याचं फळ ताडून बघतो. जुन्या मशीनवर पंखा रात्रभर घरघरत राहतो.

मशीन लॅबमधलं, आधीच्या कुणीतरी लावून ठेवलेलं. जीसीसी १३ बसला, कोणता जीसीसी वापरायचा ते ठरवणाऱ्या जीसीसी-कॉन्फिगने तो निवडला, त्यात काही अडलं नाही. अडलं ते १२ ला घालवताना. कुणाला न लागणारी पॅकेजं काढणारं डीपक्लीन त्याला हात लावेना, म्हणून काही न तपासता काढणाऱ्या अनमर्जने जबरदस्तीने काढला. अपडेटची रंगीत तालीम बघितली, तर नावापुढे 'एनएस', म्हणजे नव्या स्लॉटमध्ये नवं पॅकेज (एकाच पॅकेजच्या आवृत्त्या वेगवेगळ्या स्लॉटमध्ये शेजारीशेजारी राहतात). कोण मागतंय? पॅकेजांची माहिती देणाऱ्या इक्वेरीला विचारलं, तर जीसीसी लागणाऱ्या पॅकेजांची लांबलचक यादी आली. त्यातल्या कुणालाच नेमका १२ हवा नव्हता. अपडेटला कोण कुणामुळे येतंय ते दाखवणारा ट्री पर्याय लावला, तर जीसीसी १२ डावीकडे एकटाच, वर कुणी पालक नाही. वर्ल्ड फाइल, म्हणजे स्वतः मागून बसवलेल्या पॅकेजांची यादी, ग्रेपने शोधून चाळली, तिथेही नाही. इथे मी वैतागून मशीन बंद केलं.

खरं तर उत्तर त्या ट्रीमध्येच होतं. वर पालक नाही, म्हणजे मागणी पॅकेजची नाही, थेट यादीतली आहे. आणि यादी फक्त वर्ल्ड फाइलमध्ये नसते. शेजारीच वर्ल्ड_सेट्स नावाची दुसरी फाइल असते, तिच्यात सेटची, म्हणजे पॅकेजांच्या गटांची, नावं, आणि ते सेट ईटीसीमधल्या पोर्टेजच्या (जेंटूच्या पॅकेज मॅनेजरच्या) सेट्स फोल्डरमध्ये. तिथे आधीच्या माणसाने आपल्या प्रोजेक्टसाठी सेट केला होता, त्यात 'जीसीसी, स्लॉट १२' अशी एक ओळ. ती पुसली, डीपक्लीन चालवलं, विषय संपला. इतकी मजा आली की मी अपडेट उगाच पुन्हा चालवून बघितलं.

हे सगळं न करता सरळ पोर्टेजची कमांड 'इमर्ज --प्रिटेंड --व्हर्बोज --डीपक्लीन' आणि पुढे त्या जीसीसीचं नाव दिलं असतं, तर पॅकेज कुणी धरून ठेवलंय ते छापून आलं असतं. मात्र पॅकेज अजून बसलेलं असतानाच विचारा. काढल्यावर विचारून काय मिळणार!

मास्क करायचा, म्हणजे ती आवृत्ती बसवायला बंदी घालायचा, सल्ला मिळेल, पण त्याने मूळ मागणी तशीच राहते. जुना काढण्याआधी जीसीसी-कॉन्फिगच्या यादीत नवा निवडलेला आहे ना ते बघून घ्या आणि लिबटूल हे लायब्ररी बांधायचं साधन पुन्हा बसवा. हे आधी सांगायला हवं होतं. एखादं पॅकेज तात्पुरतं हवं असेल तर इमर्जला वनशॉट पर्याय लावा, म्हणजे ते वर्ल्डमध्ये नोंदलं जात नाही.

डिसेंबर २०२३ पासून जेंटूची अधिकृत बायनरी (आधीच कम्पाइल केलेली) पॅकेजं मिळतात, त्यामुळे कम्पाइलचा ताप वाचतो. पण सेटमध्ये ओळ राहिली, तर नको असलेला जीसीसी तिथूनही येणारच, फक्त लवकर.