खोकल्याची वही

माझा मुलगा तिसरीत आहे आणि गेल्या वर्षभरात त्याला पाच वेळा ब्राँकायटिस, म्हणजे श्वासनलिकांना सूज, झाला. दर वेळी तेच, आधी नाक गळणार, दोन दिवसांत खोकला छातीत उतरणार, मग रात्री ढास लागून उठणार आणि मी पाठ चोळत बसणार. त्यातल्या तीन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. खरं तर साधा ब्राँकायटिस बहुतेक वेळा व्हायरसमुळे होतो, त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही आणि खोकला जायला दोन-तीन आठवडे लागतात, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

पाचव्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, खोकला ओला की कोरडा, रात्री वाढतो का, पळल्यावर येतो का, मधल्या दिवसांत पूर्ण थांबतो का. मला एकाचंही धड उत्तर देता येईना, इतकं वाईट वाटलं! त्या रात्रीपासून खोकल्याची वही सुरू केली. तारीख, वेळ, खोकला कसा, घरघर आहे का, औषध काय दिलं, शाळा बुडली का, बस एवढंच.

सहा आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. खोकला कोरडा, पहाटे जास्त आणि पीटीच्या तासानंतर हमखास. डॉक्टर म्हणाले की ओला खोकला सलग चार आठवडे राहिला असता तर श्वासनलिकेत जंतू ठाण मांडून बसलेत का ते बघावं लागलं असतं आणि तिथे मात्र अँटिबायोटिक लागतं, पण हा पॅटर्न दम्याकडे बोट दाखवतोय. मग स्पायरोमेट्री केली, फुंकर मारायची टेस्ट, आधी एकदा आणि पंप (श्वासातून औषध घ्यायचा इनहेलर) देऊन परत एकदा, आणि दुसऱ्या वेळी आकडे चांगलेच सुधारले. दमाच होता.

पंपाची सवय लागते असं मला चार जणांनी सांगितलं. नाही लागत. औषध थेट फुफ्फुसात जातं म्हणून डोस अगदी कमी, मायक्रोग्रॅममध्ये असतो. पण स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली प्लास्टिकची नळी, लावूनच द्या, पंप आधी नीट हलवा, एका वेळी एकच पफ, आणि रोजचा स्टेरॉइडवाला असेल तर नंतर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंड येतं. आम्ही पहिला आठवडा चुकीचं देत होतो, स्पेसरच्या मास्कच्या कडेने अर्धं औषध बाहेर जायचं.

घरात सिगारेट पूर्ण बंद केली, बाल्कनीतही नाही, कारण कपड्यांना लागून येतंच ते. फ्लूची लस दर वर्षी. क्लासटीचर आणि पीटीच्या सरांना लिहून दिलंय की त्याला खेळू द्या, फक्त धाप लागली तर दप्तरातला लगेच आराम देणारा पंप द्या.

आणि बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर वहीबिही ठेवा बाजूला आणि थेट हॉस्पिटल गाठा.

आता वही तोच लिहितो. काल लिहिलंय, 'रात्री नाही उठलो.'