तुम्ही विचारलंत म्हणून: फळं संपल्यावर स्ट्रॉबेरीची रोपं काढून टाकायची का?

मार्च संपत आला की आमच्या गल्लीत हा प्रश्न ठरलेला. "आता फळं येईनात, पानं करपायला लागलीत. रोपं काढून टाकू का? पुढच्या वर्षी परत विकत आणायची का?" शेजारच्या काकू विचारतात, सांगलीहून पुतणी फोन करून विचारते, यंदा मंडईत भेटलेल्या एका ताईंनीही हेच विचारलं. प्रत्येकीला उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगत आले, आणि दोन वाक्यांत हे सांगून होत नाही. म्हणून एकदा नीट लिहिते.

काढून टाकू नका. दहा कुंड्या असतील तर दहाही जपायची गरज नाही, पण त्यातली दोन-तीन दणकट रोपं जगवा. एक चांगलं रोप पावसाळ्यात आठ-दहा नवी रोपं सहज देतं. रनर, म्हणजे रोपातून बाहेर सुटणारा दोऱ्यासारखा फुटवा, मातीला टेकवला की रोप तयार होतं, हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं, आणि ते खरंच सोपं आहे. अवघड आहे ते त्याच्या आधीचं. साताऱ्यातला एप्रिल आणि मे त्या रोपाने काढला पाहिजे.

काकूंचं म्हणणं असतं, "अगं, पण शेतकरी तर दरवर्षी प्लॉट मोडतात." मोडतात, खरं आहे. माझं माहेर जावळी तालुक्यातलं, दादाचा स्ट्रॉबेरीचा प्लॉट मी बघत आले आहे. त्यांच्याकडे परदेशातून आलेल्या मदर प्लांटपासून, म्हणजे आईरोपांपासून, पावसाळ्यात नर्सरीत रोपं तयार होतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यावर लागवड होते आणि मार्च-एप्रिलमध्ये प्लॉट मोडतो. जुन्या रोपात रोग आणि विषाणू साठत जातात, फळ बारीक होतं, मालाला भाव मिळत नाही. देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यातून जाते, २०१० साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. असं नाव राखायचं तर नवं, निरोगी रोप हवंच. आपल्या घरी मात्र नातवंडांच्या वाटीत पडतील एवढी फळं मिळाली तरी पुष्कळ. एकाच रोपाची पिढी मी दोन-तीन वर्षं चालवते. फळ लहान व्हायला लागलं, पानं आखडायला लागली, की मगच दादाकडून नवीन दोन रोपं मागून घेते.

मग बी का नाही पेरायचं, असंही विचारतात. फळावरचे ते बारीक पिवळे दाणे म्हणजे खरं तर एकेक फळच आहे, लाल गर हा फुलाच्या देठाचा फुगलेला शेंडा. दाण्यातून रोप उगवतं, पण वेळ फार लागतो, आणि जे उगवतं ते आईसारखं निघत नाही, कारण आपण खातो ती स्ट्रॉबेरी मुळातच संकरातून आलेली आहे. १७१४ साली फ्रेझिए नावाचा एक फ्रेंच अभियंता चिलीहून मोठ्या फळांची रोपं घेऊन निघाला. सहा महिन्यांचा समुद्रप्रवास, जहाजावर पिण्याच्या पाण्याचीच टंचाई, आणि त्यातलं पाणी घालून त्याने पाच रोपं जिवंत पोचवली. ती सगळी मादी रोपं होती, एकटी होती तोवर फळ धरेनात. उत्तर अमेरिकेतून आलेल्या दुसऱ्या जातीच्या शेजारी ती वाढली तेव्हा परागीकरण झालं, आणि त्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी निघाली. मे महिन्यात हंडा-कळशी भरून ठेवायच्या दिवसांत मी कुंडीत तांब्याभर पाणी घालते, तेव्हा मला ते जहाज आठवतं.

तर उन्हाळा. त्याची तयारी खरी जानेवारीतच होते. भर हंगामात ज्या रोपाची फळं सर्वांत गोड आणि भरीव निघतात, त्याच्या कुंडीला मी लाल दोरा बांधते. रनरची रोपं आईची हुबेहूब नक्कल असतात, त्यामुळे आई निवडण्यातच निम्मं काम होतं. मार्चअखेर सगळी रोपं सारखीच मरगळलेली दिसतात, तेव्हा निवड करता येत नाही.

मार्च संपला की दोरा बांधलेल्या कुंड्या गच्चीवरून खाली येतात, पूर्वेच्या भिंतीला. तिथे सकाळी दहापर्यंत ऊन असतं, मग सावली. जुनी, वाळलेली पानं देठासकट कात्रीने कापायची आणि मधली तीन-चार कोवळी ठेवायची. फूल दिसलं की खुडायचं. हे जिवावर येतं, मला अजूनही येतं, पण उन्हाळ्यात धरलेलं फळ आंबट आणि बोराएवढं होतं आणि रोपाची ताकद घेऊन जातं. मातीवर उसाच्या पाचटाचा चार बोटं जाड थर द्यायचा, फक्त मधल्या कोंबापासून जरा लांब. पाणी सकाळी लवकर, तेही बोट दोन पेरं मातीत खुपसून बघून. कडक उन्हात खत अजिबात नाही. आठवड्यातून दोनदा पानं उलटी करून बघायची. धुरकट-तांबूस दिसली आणि बारीक जाळी हाताला लागली, की लाल कोळी ही बारीक कीड आलीच. पानाची खालची बाजू पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढली तर सुरुवातीलाच आटोक्यात येते.

एवढं करूनही मे महिन्यात ते रोप मुठीएवढं होतं. लोक इथेच धीर सोडतात. मधला कोंब हिरवा आहे ना? मग रोप जिवंत आहे. त्याला राहू द्या.

वळीव पडला, हवा उतरली, की आठ-दहा दिवसांत पानाच्या बगलेतून एक तांबूस दोरा बाहेर येतो. तोच रनर. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो फुलाचा देठ वाटतो. फुलाचा देठ जाड असतो आणि टोकाला कळ्यांचा झुबका असतो. रनर सुतळीसारखा बारीक, टोकाला टोकदार, आणि कुंडीच्या काठावरून खाली सुटतो. आपण लावतो त्या स्ट्रॉबेरीच्या जातींचा सगळा कारभार दिवसाच्या लांबीवर चालतो. जूनमध्ये आपल्याकडे दिवस तेरा तासांहून थोडा मोठा असतो, तेव्हा रोप रनर सोडतं. डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो, रात्री गार होतात, तेव्हा फुलं. पावसाळ्यात फळ का नाही म्हणून रोपावर रुसू नका, ते त्या वेळी लेकी वाढवत असतं.

रनरच्या पहिल्या पेरावर बहुधा काही येत नाही, एक छोटा खवला तेवढा असतो. दुसऱ्या पेरावर मिटलेल्या पंख्यासारखी घडीची तीन पानं दिसतात. त्या पेराला बोटांत धरून उलटं करून बघा. खालच्या अंगाला मोहरीएवढे पांढुरके फुगवटे असतात. ती होणारी मुळं. ते फुगवटे दिसेपर्यंत थांबायचं. मग दुधाच्या रिकाम्या पिशवीला खाली चार-पाच भोकं पाडायची, दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट भरायचं, आणि पिशवी आईच्या कुंडीशेजारी ठेवून ते पेर ओल्या मातीवर टेकवायचं. पुरायचं नाही, नुसतं टेकवायचं. हलू नये म्हणून मी केसांचा आकडा लावते. रनर आकड्याच्या दोन पायांत बसतो, दाबला जात नाही. पुढे वाढणारं टोक, आणखी एक रोप हवं असेल तर तेवढं होऊ देऊन, खुडून टाकायचं. एका रनरवर दोन लेकी पुरे. तिसरी-चौथी अशक्त निघते.

पहिल्या वर्षी मी इथेच चुकले. मुळाचे फुगवटे दिसताच रनर कापून वेगळ्या कुंडीत लावले. अकरा रोपं लावली होती, आठवड्यात सगळी माना टाकून गेली. वहिनी आली, कुंडी बघितली आणि एवढंच म्हणाली, "वन्सं, नाळ फार लवकर तोडलीत." तो रनर नुसता दोर नसतो. मुळं धरेपर्यंत आई त्यातूनच पाणी आणि अन्न पाठवत असते. तेव्हापासून मी तीन आठवडे हात लावत नाही. मग रोप दोन बोटांत धरून अगदी हलकं वर ओढून बघते. मातीने धरून ठेवलं, तर आईच्या बाजूला दोन बोटं दोर ठेवून कापायचं. सैल वाटलं तर आणखी आठवडा.

दुसरं जपायचं ते कोंबाला. मुळं आणि पानं यांच्या मधला जाड भाग, ज्याला आमच्याकडे सगळे क्राऊनच म्हणतात, तो मातीच्या बरोबर पातळीवर हवा. खोल गेला तर पावसात कुजतो, उघडा राहिला तर मुळं वाळतात. जोराच्या पावसाने माती उडून कोंबावर बसते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पिशव्या पागोळीखाली ठेवू नका आणि पाऊस उघडला की बोटाने कोंब मोकळा करा. आणि शेणखत घालायचं तर पूर्ण कुजलेलंच. एका वर्षी मला कुणीतरी अर्धवट कुजलेलं खत दिलं. तीन रोपं सकाळी हिरवी, दुपारी लोळलेली. उपटली तर मुळंच नव्हती, आणि मातीत पांढरी हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, वेटोळं करून बसलेली. आता खत पाटावर पसरून, हाताने चाळूनच कुंडीत जातं.

सप्टेंबरअखेर पिशवीतली रोपं पाच-सहा पानांची होतात. साताऱ्यात मी ती दसऱ्याच्या आसपास कायमच्या कुंडीत लावते, प्रत्येकीला दहा इंचांची कुंडी. सांगलीला ऑक्टोबरचं ऊन जास्त लागतं, त्यामुळे पुतणीला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं आहे. तिच्यासाठी या वेळी सहा पिशव्या बाजूला काढल्या आहेत, सगळ्या लाल दोऱ्याच्या. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या ठेवल्या की एसटीचा प्रवास त्या आरामात सोसतात. घरी पोचल्यावर चार दिवस सावलीत, मग कुंडीत. काकूंना चार ठेवल्या आहेत. त्यांनी येताना कुंड्या भरून ठेवलेल्या असाव्यात, एवढंच.