इर्विनला किती?

सांगलीहून गोवा म्हणजे गाडीनं फार तर सहा-सात तास. आंबोलीचा घाट उतरला की अर्धं काम झालं. आम्ही मात्र गोव्याला जायचं म्हणून रात्रीच्या महालक्ष्मीनं आधी मुंबईला गेलो, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला, आणि तिथून जहाजानं खाली आलो. एक दिवस गोवा बघून त्याच जहाजानं पुन्हा मुंबई, आणि मुंबईहून पुन्हा महालक्ष्मीनं सांगली. द्राविडी प्राणायाम तो हाच. "गोव्यातच उतरून एसटीनं घरी जाऊ की," असं आमच्यातल्या एका काकांनी सुचवलंही होतं. पण परतीच्या दोन रात्रींचे पैसे भरलेले होते, आणि भरलेले पैसे सोडून घरी येणारा माणूस सांगलीत अजून जन्मायचाय.

हे सगळं भिशीमुळं झालं. आमची अकरा बायकांची भिशी गेली कित्येक वर्षं चालू आहे. दरवर्षी तिच्यातून काहीतरी निघतं. कधी अष्टविनायक, कधी पैठणीची घाऊक खरेदी. या वेळी खजिनदार वहिनींनी जाहीर केलं की जहाज. नवरे धरून बावीस माणसं झाली, आणि बावीस माणसांच्या गुडघ्यांपैकी धड किती, हा हिशेब कुणी केला नाही.

बॅलार्ड पिअरला सामान तपासताना पहिला बळी गेला तो इस्त्रीचा. जहाजावर आगीची भीती मोठी, त्यामुळं इस्त्री चालत नाही. आमच्या ह्यांनी ती बनियनमध्ये गुंडाळून नेली होती, पण मशीनला बनियनच्या आतलंही दिसतं. पावती मिळाली, इस्त्री ताब्यात गेली. भडंगाची चार पाकिटं मात्र सुखरूप पार झाली. पडद्यावर ती कशी दिसली असतील ते मला अजून बघायचंय.

खोल्या आम्ही आतल्या घेतल्या होत्या, खिडकी नसलेल्या. त्या स्वस्त. दिवा मालवला की असा काळोख, की सकाळचे सात आणि रात्रीचे दोन यांत फरक नाही. एवढे पैसे खर्चून पाण्यावर आलो आणि पाणीच दिसेना! बाहेरचा बोळ तर न संपणारा. एकसारखी दारं, एकसारखा गालिचा, कुठल्याही टोकाला गेलं तरी तिथं तीच लिफ्ट. पहिल्या संध्याकाळी मी दहा मिनिटं दुसऱ्याच कुणाच्या तरी दाराला कार्ड लावत होते. आतून एका गुजराती बाईंनी दार उघडलं आणि अगदी प्रेमानं "आवो" म्हणाल्या.

वहिनी यावर तोडगा घेऊन आल्या होत्या. जहाजाच्या भिंती-दारं पोलादी, त्यांना चुंबक चिकटतो, हे त्यांच्या पुण्याच्या सुनेनं सांगितलेलं. म्हणून त्यांनी घरच्या फ्रिजवरचा सांगलीचा गणपती काढून पर्समध्ये टाकला होता. सोंडेवरचा रंग उडालेला, खालच्या कडेला कधीतरी फोडणीचा शिंतोडा बसून हळदीचा डाग पडलेला. तो त्यांच्या दारावर बसला, आणि त्या क्षणापासून आमचा पत्ता ठरला: गणपतीपासून डावीकडं तिसरं दार.

दुसरी पंचाईत फोनची. किनारा मागं पडला तशी रेंज गेली. जहाजाचं वायफाय होतं, पण त्याचा दर ऐकून सगळ्यांनी फोन पर्समध्ये ठेवले. सकाळी सहापासून एकमेकांना गुलाबाची फुलं पाठवणारी आम्ही माणसं एकदम चाळीस वर्षं मागं गेलो. साडेसहाला सातव्या मजल्याच्या लिफ्टपाशी, असं बोलून ठरवायचं. कुणी आलं नाही तर वाट बघायची. दारात चिठ्ठी सरकवायची. दुसऱ्या दिवशी तर लिफ्टसमोरच्या कोचावर आमचा चांगला कट्टा जमला. मधून लोक बावरून आमच्याकडं बघत लिफ्टमध्ये शिरत होते. बुफेत काय-काय होतं ते लिहीत नाही, लिहायला लागले तर पानं पुरायची नाहीत. फक्त चहा. कोमट पाण्यात पिशवी बुडवायची आणि तिला चहा म्हणायचं, हे काही खरं नव्हे.

निघण्याआधी एक कवायत होते. भोंगा वाजतो, सात आखूड आणि एक लांब, की आपण आपापल्या ठरलेल्या जागी जायचं. पूर्वी म्हणे ही कवायत निघाल्यावर दिवसभरात कधीतरी उरकली तरी चालायची. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्यापाशी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर घासून कलंडली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. ३२ माणसं गेली. आता कवायत आधी, मग प्रवास. आमच्यासमोर एक चुणचुणीत मुलगी लाइफ जॅकेटचा पट्टा कुठून कुठं न्यायचा ते दाखवत होती. सगळे हसत होते, फोटो काढत होते. आमच्यातली चार माणसं मात्र गप्प उभी होती. त्यांना शिकवायची गरज नव्हती. त्यांनी ते जॅकेट आधी घातलेलं होतं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात, सांगलीच्या गावभागात, बचावाच्या बोटीत चढताना.

बाहेरच्यांना सांगून कळत नाही, पण सांगलीत पाणी फुटांत मोजतात. पावसाळ्यात दोन माणसं भेटली की "कसं काय?" नंतर येतं, आधी "इर्विनला किती?" इर्विन म्हणजे आमच्या कृष्णेवरचा पूल, १९२९ सालचा. त्यापाशी पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा, पंचेचाळीसला धोका. त्या वर्षी ते सत्तावन्नच्या वर गेलं.

माझ्या सासूबाई मालवणच्या. त्यांच्या लहानपणी मुंबईहून कोकणबोटीनं घरी जायचं म्हणजे उलट्या आणि देवाचं नाव. बहुतेक बंदरांत बोटीला धक्काच नसे. भर पाण्यात पडाव यायचा आणि पोरंबाळं, ट्रंका, कोंबड्या सगळं हातांवर झेलून त्यात उतरवायचे. आम्हाला कुणालाच बोट लागली नाही. डिसेंबरचा समुद्र निवांत, त्यात जहाजाच्या पोटाशी डोलणं कमी करणारे माशासारखे पर. आवळा-सुपारी न उघडताच परत आली. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग तुम्ही बोटीनं गेलाच कुठं?"

शेवटच्या रात्री झोप येईना म्हणून वरच्या डेकवर गेले. तिथं एसटीवाले काका एकटेच कठड्याला टेकून उभे होते. मारुती रोडला त्यांचं कापडाचं दुकान. खुर्च्या आवरणाऱ्या एका गोव्याच्या पोराला ते विचारत होते, "इथं पाणी किती असेल?" पोराला ठाऊक नव्हतं. मग काकांनी प्रश्न बदलला. जहाज पाण्याखाली किती असतं?

"सात-आठ मीटर असेल, अंकल."

काका बोटांवर हिशेब करायला लागले. "म्हणजे तेवीस ते सव्वीस फूट. आणि आपल्याकडं तेव्हा सत्तावन्न! आवं वहिनी, मग हे जहाज सरळ आलं असतं की आपल्याकडं! टिळक चौकापर्यंत तरी आलंच असतं. पुढं हरभट रोडला वळताना अडकलं असतं, ते सोडा."

दोघंही हसलो. बराच वेळ हसलो. मग हसू ओसरलं आणि खाली पाणी कापल्याचा आवाज तेवढा राहिला. काकांच्या दुकानात तेव्हा माळ्यापर्यंत पाणी होतं. गाळात भिजून फुगलेले तागे ट्रॅक्टरनं उचलून न्यावे लागले होते.

"पण तिथं खुणा होत्या हो," ते म्हणाले. "पायरी बुडली, कडी बुडली, पाटी बुडली. पाणी कुठवर आलंय ते कळत होतं. हितं मघापासून बघतोय. मोजायचं कशावर?"

मी काही बोलले नाही. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून पुढं केली. भडंग होतं. कांदा नव्हता, पण लसूण भरपूर.

सांगलीत उतरल्यावर दोन दिवस जमीन हलत होती. ओट्याशी उभं राहिलं की कणीक मळता मळता आपण हळूच डावीकडं झुकतोय असं वाटायचं. वहिनींचा फोन आला तेव्हा मला वाटलं त्यांनाही तेच होतंय. पण त्यांची तक्रार वेगळी होती. गणपती दारावरच राहिला होता.

"आता?" मी विचारलं.

"आता काय," त्या म्हणाल्या, "आज दुपारी पुन्हा निघाला असेल गोव्याला."