आमची वाटचाल: भट्टी थंड पडली तेव्हा

घंटा ओतण्याच्या धंद्यात लबाडी बाहेरून दिसत नाही. पॉलिश झालं की पितळ, शिसं मिसळलेलं कांसं आणि अस्सल कांसं तिन्ही सारखीच चकाकतात. फरक कळतो तो टोल पडल्यावर, आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात. आमचा कारखाना उभा राहिला तो अस्सल कांशाच्या एका प्रमाणावर: 100 किलोच्या चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत एका वेळी घातलेल्या धातूत, 78 किलो तांबं, 22 किलो कथील. कथील महाग, म्हणून बाकीचे ते कमी करतात. आम्ही कधी केलं नाही.

मिस्त्री पहिल्या दिवसापासूनचे भागीदार. पैसा आमचा, हात त्यांचा. स्वीपच्या, म्हणजे फिरवून मातीचा साचा घडवायच्या, फळ्या त्यांनीच बनवल्या. प्रत्येक मापाला दोन: एक गाभ्याची, म्हणजे घंटेच्या आतल्या आकाराची, दुसरी बाहेरच्या आकाराची. शिसवी लाकूड, कडेला पोलादी पट्टी, आणि ती पट्टी बारीक कानशीनं घासत घासत जुळवलेली. मधल्या दांड्याभोवती फळी फिरली की ओल्या मातीला घंटेचा आकार येतो. जिथं लोलक आदळतो तिथली जाडी व्यासाच्या साधारण 13 व्या भागाएवढी ठेवायची. आकार तोच ठेवून व्यास दुप्पट केला तर स्वर एक सप्तक खाली उतरतो आणि वजन आठपट होतं. हे सगळं गणित त्या पट्टीच्या वळणात असतं. फळी गेली की घराण्याचा स्वर गेला.

पुढची वर्षं कामात गेली. मग कथिलाचा एक लॉट आला. बिलावर शुद्ध, सोबत दाखला. त्यातून ओतलेल्या सगळ्या घंटा मुक्या निघाल्या. टोल दिला की एक ठप्प आवाज, मागं गुंजन नाहीच. आधी साचा ओला राहिला असेल असं वाटलं, म्हणून एक घंटा फोडून पाहिली. ओल्या साच्यानं वायू अडकला तर आत सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. छिद्रं नव्हती. लॅबच्या रिपोर्टात शिसं निघालं. शिसं तांब्यात विरघळत नाही, बारीक थेंबांच्या रूपात वेगळं राहतं आणि कंप तिथंच गिळून टाकतं. पुरवठादारानं हात वर केले. ज्या व्यापाऱ्यानं आमच्या दारात उमेदवारी केली आणि नंतर स्वतःची भट्टी टाकली, त्यानं गावोगाव सांगितलं की यांचं कांसं खोटं. स्वतः मात्र तो पितळेच्या घंटा कांशाच्या म्हणून विकत होता. पितळेत जस्त असतं आणि ते 907 अंशांना उकळतं, त्यामुळे पितळ वितळवलं की पांढरा धूर निघतोच. ज्यानं त्याची भट्टी एकदा पाहिली त्याला दाखल्याची गरज नव्हती. पण पाहायला कोण जातो? ऑर्डरी त्याच्याकडे वळल्या. आमचा माल परत आला, बँकेचा हप्ता थकला, भट्टी थंड पडली.

अशा वेळी देवावर भरवसा ठेवा असं सगळे सांगतात. तो ठेवायचा कसा, हे कोणी सांगत नाही. आम्ही जे केलं ते लिहितो.

एक वही केली. डाव्या पानावर आपल्या हातातलं: मजुरी, पत्रं, लॅबच्या खेपा, वाळू, हत्यारं. उजव्या पानावर हातात नसलेलं: ऑर्डर येईल का, बँक थांबेल का, लोक त्या माणसाचं ऐकणं सोडतील का. सकाळी उजवं पान देवापुढं वाचायचं आणि वही मिटायची, दिवसभर डाव्या पानावर काम करायचं. रात्री उजवं पान उघडायचं नाही, हा नियम सगळ्यात अवघड. रात्री त्या पानाची गणितं मांडणारा माणूस सकाळी कुणाला तोंड दाखवायच्या लायकीचा उरत नाही.

मिस्त्रींचं म्हणणं एवढंच होतं, "वाळू चाळून ठेवू, गाभे सुकवून ठेवू. ऑर्डर द्यायची का नाही, ते त्याच्याकडं." आणि त्यांनी खरंच तसं केलं. मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, कोरड्या जागी, जमिनीपासून वर ठेवली. ग्रॅफाइटच्या मुशीत दमट हवा शिरली आणि ती तशीच चढवली की तडकते. बंद कारखान्यात हीच हलगर्जी होते आणि काम आलं तरी पहिलाच चार्ज भट्टीत सांडतो.

नवसाचा सल्ला पुष्कळांनी दिला. देणेदारी असताना नवस बोलू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तो पैसा आपला नसतो. तुकोबांचं नावही लोक अशा वेळी सोयीनं घेतात. दुष्काळात त्यांचं दुकान बुडालं, पहिली बायको अन्नावाचून गेली, आणि परंपरा सांगते की धाकटे भाऊ कान्होबांशी वाटणी करून आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडली. पण ती खतं येण्याची होती. लोकांकडून घ्यायचं ते त्यांनी सोडलं, लोकांना द्यायचं ते नव्हे. देव आहे म्हणून देणं बुडवणाऱ्यांनी हा फरक नीट पाहावा.

दुसरे म्हणायचे, काही तरी पाप घडलं असणार. बायबलातल्या ईयोबावर, एका सज्जन माणसावर, संकटं कोसळली तेव्हा त्याच्या मित्रांनीही हेच सुनावलं होतं, आणि त्या कथेत शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. बुडत्या धंद्याच्या दारात जाऊन कारणं सांगू नका. जमलं तर एका दिवसाची मजुरी देऊन या.

वाट निघाली ती मुक्या घंटांतूनच. कांशात मिसळलेलं शिसं भट्टीत सहज वेगळं करता येत नाही, त्यामुळे तो ढीग आम्ही मातीमोल धरला होता. पण बेअरिंगच्या बुशांना, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसणाऱ्या कड्यांना, शिसं लागतं. तेल कमी पडलं तरी ते घर्षण सांभाळून घेतं. बुश ओतणाऱ्या एका कारखान्यानं रिपोर्ट वाचला, तांबं वाढवून आपलं प्रमाण बसवलं आणि सगळा ढीग वजनावर उचलला. रिपोर्ट लपवला असता तर हे झालं नसतं. ज्यानं आमची लाज काढली त्याच कागदानं मजुरी भागवली. आम्ही याला योगायोग म्हणत नाही.

त्या पैशातून आधी मजुरी, मग छोटे पुरवठादार, मग बँक. बँकेत मात्र आधीच जाऊन बसायचं, बोलावणं येण्याची वाट पाहायची नाही. उरलेल्यातून थोडं कथील आणलं. शुद्ध कथिलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली की करकर ऐकू येते, शिसं मिसळलं की ती मंदावते. तरी नुसत्या कानावर जाऊ नका, तुकडा लॅबला द्या.

पहिली घंटा छोट्या मुशीत ओतली. आधी तांबं पूर्ण वितळू दिलं, कारण कथील आधी टाकलं तर जळून मळी होते. मग फॉस्फर कॉपर (तांब्यातला ऑक्सिजन काढणारं फॉस्फरसयुक्त तांबं) चिमटीनं, मग कथील, कोरड्या ग्रॅफाइटच्या दांड्यानं ढवळणं, मळी काढणं, आणि 1100 अंशांच्या आसपास एका धारेत ओतणं. धार तुटली तर तिथं थर धरतो आणि पुढं तडा तिथूनच जातो. साचा घाईनं उघडला नाही. इतक्या कथिलाचं कांसं काचेसारखं ठिसूळ असतं, गरम असताना एकदम थंड झालं तर फुटू शकतं.

फळ्या विकायला सांगणारे त्या काळात रोज भेटत होते. विकल्या नाहीत. ज्यांच्यावर अशी वेळ आली असेल त्यांनी जागा विकावी, गाडी विकावी, पण ज्या हत्यारात आपला हात उतरला आहे ते ठेवावं.

तो व्यापारी अजून धंद्यात आहे. त्याच्या मालाबद्दल गिऱ्हाईक विचारतं तेव्हा आम्ही त्याचं नाव घेत नाही. कडेचा कीस काढून द्या म्हणावं आणि लॅबमध्ये शिसं व जस्त दोन्ही तपासून घ्या, एवढंच सांगतो. आमच्या घंटेचा कीसही तसाच न्यावा.